शिशाच्या गोळ्या भाजणारा ओव्हन

मित्रांनो, आधीच बजावून ठेवतो. माझं दार उघडून आत बोट फिरवू नका. कुणी फिरवलंच असेल, तर उठा, साबणाने हात धुऊन या, आणि मग पुढचं ऐका. मी थांबतो. मला आता कसलीही घाई नाही.

मी टोस्टर ओव्हन आहे. वय सव्वीस. आमच्यात इतकी वर्षं सहसा कुणी टिकत नाही. हल्लीचे ओव्हन दोन हिवाळ्यांत मान टाकतात. माझा पत्रा जाड, काच जाड, आणि टायमरची घंटा अशी की अंगणात ऐकू जावी. हे मी बढाई मारायला सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहेच. पण याच मजबूत बांध्याची एके दिवशी मला लाज वाटली. तेच सांगायला बसलोय.

मोंटानातल्या एका नदीकाठच्या गावात ऑरिन हॉगन राहतो. लाकूडगिरणीत करवतींना धार लावण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. मला त्याने मिझूलाच्या दुकानातून आणलं, बायकोसाठी. बायको व्हेरना. तिने खोक्यातून काढल्या काढल्या मला ओल्या फडक्याने पुसलं आणि खिडकीशेजारच्या ओट्यावर बसवलं. त्यांची मुलगी ब्रिटा तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर भिरकावायची आणि ओरडायची, "आई, दालचिनी!" मग ब्रेडला लोणी, त्यावर साखर आणि दालचिनी लावून व्हेरना दोन स्लाईस माझ्यात सरकवायची. चार मिनिटांत घरभर वास. ब्रिटा माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची, साखर कधी फुटते ते बघत.

पंधरा वर्षं मी त्या ओट्यावर होतो. ब्रिटा मोठी झाली, सिॲटलला गेली, तिकडेच तिने लग्न केलं. ओट्याची फरशी बदलली, पडदे बदलले, मी तिथेच. "मोठा ओव्हन पेटवायचा कशाला? हा आहे की!" असं व्हेरना आल्यागेल्याला सांगायची. आपल्याबद्दल कुणी असं बोललं की कुणाला बरं वाटत नाही?

आता ऑरिनच्या छंदाबद्दल सांगायला हवं. ऑरिन आणि त्याचा शेजारी वेंडेल दर शनिवारी गॅरेजमध्ये बंदुकीच्या गोळ्या ओतायचे. त्या गावात हे नवलाचं नाही. ऑक्टोबर संपता संपता एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोरल्या हरणाच्या, शिकारीचे दिवस सुरू होतात, आणि विकतच्या गोळीपेक्षा आपल्या हाताने ओतलेल्या गोळीने मारलेल्या एल्कचं मटण माणसाला जास्त गोड लागतं. गाड्यांच्या चाकांवरची जुनी शिशाची वजनं दोघे गोळा करायचे. ती लोखंडी भांड्यात वितळवायची, वरचा मळ पळीने काढायचा आणि साच्यात ओतायचं. साचा उघडला की चकचकीत गोळ्या जुन्या टॉवेलवर टपाटप पडायच्या. आधी ते त्यांना मेण चोपडत. पण मेणाच्या गोळीचा धूर फार, आणि बंदुकीच्या नळीला आतून शिसं चिकटून बसतं. मग कुठूनतरी वेंडेल ऐकून आला की गोळीला रंगाची कोरडी पावडर लावून ती भाजली, तर तिच्यावर कातडीसारखा घट्ट थर बसतो आणि शिसं आतच राहतं.

भाजायचं म्हटलं की ओव्हन हवा. आणि व्हेरना नेमकी बहिणीकडे बिलिंग्जला गेली होती. आता मी काय सांगू!

आठवड्याने ती परत आली. पर्स ओट्यावर ठेवायला वळली आणि थबकली.

"ऑरिन, माझा ओव्हन कुठाय?"

"गॅरेजमध्ये. जरा काम होतं."

"कसलं काम?"

"भाजायचं."

"काय भाजायचं?"

वेंडेल तेव्हा टेबलाशी कॉफी पीत बसला होता. त्याने अर्धा कप तसाच ठेवला, टोपी उचलली आणि मागच्या दाराने पसार झाला. व्हेरना तरातरा गॅरेजमध्ये आली. माझं दार उघडलं. आत फॉइलवर चाळीस लाल गोळ्या, ओळीने उभ्या.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती ओरडली नाही. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता हा तुझा. शिसं म्हणजे काय गंमत वाटली तुला? रक्तात भिनतं ते, हाडांत जाऊन बसतं. हा माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा दिसला, तर तू घराबाहेर आणि ओव्हनही घराबाहेर." घरातून ती नखांना लावायचा लाल रंग घेऊन आली आणि माझ्या कपाळावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: खाण्यासाठी नाही. कधीच नाही. खाली स्वतःचं नाव. मग तिने नियम घातले. गॅरेजचे बूट घरात आणायचे नाहीत. गॅरेजचा शर्ट गॅरेजच्या खिळ्यावरच राहील. हात अंगणातल्या नळावर धुवायचे, कोपरापर्यंत. वेंडेलने म्हणे एकदा विचारलं होतं, "कोपरापर्यंत कशाला? मी काय कोपराने जेवतो?" त्यालाही तिने धुवायला लावलं.

ही गोष्ट तिने मुलीला मात्र कधी सांगितली नाही. नवऱ्याने ओव्हन पळवला हे मुलीला फोनवर काय सांगायचं? ब्रिटा नाताळला यायची तेव्हा ओट्यावर नवा ओव्हन असायचा, आणि गॅरेजकडे ती फिरकायचीही नाही.

पहिले काही महिने मी रुसून होतो. दालचिनीच्या जागी रंगाचा उग्र दर्प. पण खोटं कशाला बोलू, पुढे मला ते काम आवडायला लागलं. आइसक्रीमच्या रिकाम्या डब्यात गोळ्या आणि लाल पावडर घालून ऑरिन डबा खळाखळा हलवायचा, एकेक गोळी चिमट्याने फॉइलवर मांडायचा आणि मला चालू करायचा. वीस मिनिटं. घंटा वाजली की चिमट्याने ताटली उचलायची आणि शेजारच्या बादलीतल्या पाण्यात पालथी करायची. च्स्स! गरम असतानाच पाण्यात पडली की गोळी कडक होते. अकरा वर्षं, दर शनिवारी, घंटेपाठोपाठ तोच चिमटा आणि तीच बादली. एकदा वेंडेलने गोळी ऐरणीवर ठेवून हातोड्याने चपटी केली. लाल थराला साधा तडाही गेला नाही. "लेका ऑरिन," तो म्हणाला, "हा ओव्हन नाही, सोनं आहे." मी तेव्हा कपाळावरची अक्षरं विसरूनच गेलो होतो.

सहा वर्षांपूर्वी व्हेरना गेली. हिवाळ्यात, आठ दिवसांच्या तापात. त्यानंतरही शनिवार चालू राहिले, पण ऑरिन पूर्वीचा राहिला नाही. हे सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात आलं असेल, तर माझ्या. घंटा वाजल्यावर चिमटा अजूनही बिनचूक यायचा. पण मला बंद करायचं राहून जायचं. एकदा भांड्याखालची शेगडी तशीच पेटती ठेवून तो जेवायला गेला. वेंडेल टोपी विसरला म्हणून परत आला, नाहीतर गॅरेज राहिलं नसतं. त्याने गुपचूप शेगडी विझवली आणि पायरीवर येऊन बसला. मग त्याने सिॲटलला फोन लावला.

"ब्रिटा, तू ये," एवढंच मी ऐकलं.

ब्रिटा आली. एकोणचाळीस वर्षांची, आणि सातवा महिना. बारा वर्षं तिने या बाळाची वाट पाहिली होती. आधीची दोन पोटातच गेली होती. नवरा अलास्कात मासेमारीच्या बोटीवर, डिसेंबरात येणार. तेव्हा ती बाळंतपणापर्यंत बापाकडेच राहणार, असं ठरलं. तिला शेगडीचं कळलं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी तिने बापाला शपथ घातली, "डॅड, एकट्याने गॅरेजमध्ये काही पेटवायचं नाही." तो म्हणाला, "बरं." आणि त्याने खरंच काही पेटवलं नाही.

मंगळवारी सकाळी तो गॅरेजमध्ये आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं पंधरा वर्षं स्वयंपाकघरात बघायचा.

"अरे, तू इथे काय करतोस?" तो म्हणाला. "व्हेरना शोधून शोधून दमली असेल."



त्याने तारेचा काथ्या घेतला, साबण घेतला आणि मला घासायला बसला. जीव लावून घासलं त्याने. बायकोसमोर मळका ओव्हन कसा न्यायचा? दार, बाजू, पाय सगळं लख्ख केलं. मग कपाळ. तिथे लाल रंगाचा काहीतरी डाग आहे एवढंच त्याला दिसलं. व्हेरनाचं नाव आधी गेलं. मग 'नाही' गेलं. 'कधीच' बराच वेळ निघेना, तर त्याने नख लावून खरवडलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. आतली फॉइल त्याने बदलली. पण खालच्या ताटलीची वळलेली कड, कॉइलच्या मागची फट, दाराची बिजागरी, तिथे अकरा वर्षांची शिशाची धूळ आणि पावडरीचे थेंब बसले होते. तिथे कुणाचा काथ्या पोचत नाही.

मला उचलून तो घरात निघाला. गॅरेजचे बूट त्याने दाराशी काढले. ते बरोबर आठवलं. मला मात्र आत नेलं.

"ब्रिटा, बघ कोण आलंय!"

ब्रिटा बटाटे सोलत होती. तिने वळून पाहिलं आणि सोलणी हातातून गळली.

"अगं बाई! आईचा ओव्हन! डॅड, तू टाकला नाहीस? मला वाटलं कधीच भंगारात गेला असेल."

"जपून ठेवला होता," ऑरिन म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच वाटत होतं.

तिने माझ्या काचेवर तळहात ठेवला. डोळ्यांत पाणी. मला इतकं प्रेमाने अकरा वर्षांत कुणी हात लावला नव्हता, आणि मला तो हात नको होता. तो धू, ब्रिटा. आधी धू. ती कशाला ऐकतेय! नव्या ओव्हनला बाजूला सारून तिने मला खिडकीशेजारी बसवलं, जुन्याच जागी.

मग तिने माझं दार उघडून वाकून बघितलं. खालच्या ताटलीच्या कडेला एक लाल थेंब होता, वाळून कडक झालेला. तिने त्यावर नख टेकवलं. बघ, मी म्हणालो, नीट बघ, हा कुठला लाल आहे?

"डॅड, हे बघ. आईच्या चोकचेरी जॅमचा डाग. अजून आहे."

"ती नेहमी सांडायची," बाप म्हणाला, आणि दोघे हसले. मला त्या हसण्याचा राग आला. खरंच आला. त्यांचा नाही, त्या हसण्याचा.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. वेंडेल! मला वाटलं, सुटलो. हा आत आला आणि माझ्याकडे एकदा बघितलं, की खेळ संपला.

"ऑरिन आहे का?" तो दारातूनच म्हणाला.

"या ना आत," ब्रिटा म्हणाली. "कॉफी टाकते."

"नको गं पोरी. गॅरेजचे बूट आहेत. तुझ्या आईने वरून पाहिलं तर माझं काही खरं नाही." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. दाराआड फ्रिज, आणि फ्रिजआड मी. त्याच्या टोपीचं टोक तेवढं मला दिसत होतं. "शनिवारचं विचारायला आलो होतो. ओतायचं का काही? मी असेन शेजारी, शेगडी मीच बघेन."

"नको. यंदा राहू दे," ब्रिटा हळू आवाजात म्हणाली. "त्याला आता झेपत नाही."

"बरं. तुला वाटतं तसं." तो जरा घुटमळला. "काही लागलं तर हाक मार." बुटांचा आवाज पायऱ्या उतरून गेला. व्हेरनाने घरच्यांच्या रक्षणासाठी घातलेला नियम त्याने अगदी काटेकोर पाळला होता.

आता मला वाचवणारं कुणी उरलं नव्हतं. नाही, चुकलो. मला कसलं वाचवणं? ब्रिटाला. आणि तिच्या पोटातल्या त्या जिवाला, ज्याच्यासाठी ती बारा वर्षं थांबली होती. मोठ्या माणसाच्या अंगात थोडं शिसं गेलं तर ते निभावून नेईलही. पोटातल्या बाळाला त्यातला कणही नको, हे व्हेरना वेंडेलला कितीदा सांगायची. मला पाठ होतं.

"डॅड," ब्रिटा खुर्चीत बसत म्हणाली, "मला काय खावंसं वाटतंय सांगू?"

"दालचिनी," बाप लगेच म्हणाला.

दालचिनी हवी म्हणून ओरडणारी ती पोर माझ्यासमोर होती आणि मला जन्मात पहिल्यांदा दालचिनीची भीती वाटली. ऑरिनने ब्रेड काढला. लोणी लावलं, साखर आणि दालचिनी भुरभुरली. काम नीट चाललं होतं. "फॉइल नको," ब्रिटा म्हणाली, "आई तशीच ठेवायची ना, जाळीवर? खालची ताटली लाव, साखर गळते." त्याने फॉइल काढून टाकली आणि दोन स्लाईस जाळीवर ठेवल्या. दार लावलं. टायमर फिरवला.

मी तापू लागलो. मित्रांनो, मी जिवाच्या आकांताने देवाला म्हणालो, माझी कॉइल जळू दे. प्लगमधून ठिणगी उडू दे. सगळ्या घराचे दिवे जाऊ देत. काहीही झालं नाही. कॉइल लालबुंद झाली, काच तापली, आतली हवा बरोबर फिरली. इतकी वर्षं मी कुणाला दगा दिला नव्हता. त्या दिवशी द्यायला हवा होता आणि मला जमला नाही. माझ्या फटींतली धूळ गरम हवेने हलली, तेही मला कळत होतं.

एक मिनिट. लोणी वितळलं. दोन मिनिटं. साखर फुटायला लागली. ब्रिटा उठून माझ्याजवळ आली, पोट सांभाळत वाकली आणि काचेला नाक लावण्याइतकी जवळ आली.

"वास बघ, डॅड," ती म्हणाली.  "अगदी तोच."

तिने कपाटातून बशी काढली. आईची निळ्या काठाची बशी. ती हातात घेऊन उभी राहिली. तीन मिनिटं. चार.

घंटा वाजली.

ब्रिटाने हात पुढे केला आणि ऑरिनने तिला खांद्याने मागे सारलं. "मागे हो. गरम आहेत." त्याचा आवाज बदलला होता. चटचट, कामाचा आवाज. त्याने ओट्यावरचा चिमटा उचलला, जाळी बाहेर ओढली, उजवीकडे वळला आणि ती सरळ सिंकमध्ये पालथी केली. सिंकमध्ये भांडी भिजवायचं पाणी होतं. च्स्स!

दालचिनीच्या दोन्ही स्लाईस साबणाच्या पाण्यात तरंगत होत्या.

ब्रिटा आधी खदखदून हसली. "अरे! डॅड! काय करतोस हे?"

"पाण्यात टाकल्या," तो म्हणाला. "गरम असतानाच टाकाव्या लागतात. नाहीतर कडक होत नाहीत."

"ब्रेड?"

"गोळ्या." त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ही काय विचारतेय. "चाळीस झाल्या ना?"

ब्रिटाचं हसू गेलं. तिने सिंककडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या आतल्या लाल थेंबाकडे. हातातली बशी तिने फार हळू खाली ठेवली.

"डॅड, या ओव्हनमध्ये तू काय भाजायचास?"

तो चिमट्याने पाण्यातल्या स्लाईस मोजायला लागला. तिने मागचं दार उघडून हाक मारली, "वेंडेल! वेंडेल!" तो अजून अंगणातच कुंपणाशी रेंगाळत होता. हाकेतला सूर ऐकून तो धावत आला. पायरीवर बूट लाथाडले आणि भोकं पडलेल्या मोज्यांवर आत आला. त्याने मला ओट्यावर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हा इथे कुणी आणला? यात शिसं भाजलंय गं, अकरा वर्षं! तू खाल्लंस का काही?"

"नाही."

"चाटलंस? चाखलंस?"

"नाही. नाही म्हणते ना! त्याने पाण्यात टाकलं सगळं."

वेंडेलने माझा प्लग ओढून काढला. आणि ऑरिन तिथेच उभा होता, चिमटा हातात. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू सगळं उमटायला लागलं. असं काही कुणाच्याच तोंडावर उमटू नये. तो ब्रिटाच्या पोटाकडे बघत होता.

"मी आणला," तो म्हणाला. "मी घासला. तिने लिहिलेलं मी घासून काढलं." मग तो एकदम ब्रिटापाशी गेला. "तू खाल्लंस का? ब्रिटा, खरं सांग, खाल्लंस का?"

"नाही, डॅड."

"नखं दाखव." तिने दाखवली. त्याने तिला हात धरून अंगणातल्या नळावर नेलं आणि कोपरापर्यंत धुवून काढले, दोन्ही हात, दोनदा. सगळा वेळ तो रडत होता. म्हाताऱ्या माणसाला रडताना पाहणं वाईट असतं. तो मात्र हात धुवायचा थांबला नाही.

दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात ब्रिटाचं रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही, हे मला पुढे वेंडेलकडून कळलं. तुम्हाला घोर लागू नये म्हणून हे आधीच सांगितलं.

आत आल्यावर ऑरिनने वेंडेलला सांगितलं, "सगळं घेऊन जा. भांडं, साचे, पळी, शिसं. आजच."

"उद्या नेतो ना सावकाश."

"उद्या मला हे आठवणार नाही," ऑरिन म्हणाला. "आत्ता आठवतंय. म्हणून आत्ता."

वेंडेल गॅरेजमधलं सामान गाडीत भरायला गेला. ऑरिनने मला मागच्या पायरीवर आणलं आणि मांडीवर घेऊन बसला. हातात कटर. गिरणीत एखादं यंत्र धोक्याचं झालं की त्याची वायर तो स्वतः कापायचा, अगदी अंगालगत, आणि टोकाला काळ्या टेपचे तीन वेढे द्यायचा, म्हणजे कुणी विसरून सुरू करणार नाही. तसंच त्याने माझं केलं. कट्. मला दुखलं नाही. दुखलं असतं तरी चाललं असतं. ब्रिटा दारात उभी होती. "सॉरी, गड्या," तो मला म्हणाला. मला आजवर कुणी सॉरी म्हटलं नव्हतं.

भंगारखाना शनिवारी उघडतो, म्हणून मी पायरीवरच राहिलो.

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन पायरीवर आलेलं, ऑरिन कॉफीचा कप घेऊन बाहेर आला आणि मला पाहून त्याचा चेहरा फुलला.

"अरे! व्हेरनाचा ओव्हन! इथे कुणी टाकला याला?"

कप खाली ठेवून त्याने मला उचललं. आत निघाला.  ओट्यावर बसवलं, खिडकीशेजारी, आणि पाठीमागे हात घालून वायर चाचपायला लागला. वायर सापडेना. त्याने मला फिरवलं आणि वाकून पाहिलं. अंगालगत कापलेलं टोक. टेपचे तीन वेढे. त्यावरून त्याने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

ब्रिटा ओटमीलचा वाडगा घेऊन आत आली आणि जागीच उभी राहिली.

"हे मी कापलंय," ऑरिन म्हणाला.

"हो, डॅड."

"कधी?"

"काल."

"का?"

 सांगितलं तर तो कालच्यासारखाच पुन्हा रडणार, आणि उद्या पुन्हा सांगावं लागणार. तिने वाडगा खाली ठेवला. "तुला माहीत होतं, डॅड. काल तुला नीट माहीत होतं."

 त्याला काहीही आठवलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्याचा हात माझ्यावर होता आणि तो हात विचारत होता.

"मी उगाच कुणाची वायर कापत नाही," अखेर तो म्हणाला. "मी कापली म्हणजे कारण असणार."

त्याने मला उचललं आणि पुन्हा बाहेर नेलं. पायरीवर नाही, थेट फाटकापाशी, कचऱ्याच्या पिंपाशेजारी. मग नळ सोडला आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. का धुतोय हे त्याला ठाऊक नव्हतं. धुतले मात्र नीट. आत जाऊन तो ब्रिटासमोर बसला आणि दोघांनी ओटमील खाल्लं. खिडकीतून मला दिसत होतं.

आता मी भंगारखान्यात आहे. इथे माझ्यासारख्या वस्तू आल्यागेल्याला विनवतात, आम्हाला जपा, पुसा, टाकू नका. मी तसं विनवणार नाही. मित्रांनो, ज्या भांड्यात एकदा विष शिजलं, ते कितीही लाडकं असलं तरी ओट्यावर परत आणू नका, आणि त्यावर नुसतं लिहून भागेल असं समजू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी विसरायला लागलं असेल, तर त्याला वेड्यात काढू नका. आज त्याला सगळं आठवत असेल, तर आजच त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, उद्यासाठी काय कापून ठेवायचं आहे. ऑरिनला कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःच सांगितलं.

गेल्या महिन्यात वेंडेल इथे काही टाकायला आला होता. जाताना माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, मुलगी झाली, तीन किलोची, आवाज असा की घंटाच.